घराच्या डाउन पेमेंटसाठी पोस्टाची आरडी : साठ हप्त्यांनंतरचा अभिप्राय

या जानेवारीत आमची पोस्टातली पाच वर्षांची आरडी, म्हणजे दरमहा ठरलेली रक्कम भरायची आवर्त ठेव, पूर्ण झाली. दरमहा दहा हजार रुपये याप्रमाणे साठ हप्ते भरले आणि सुमारे ६ लाख ९७ हजार रुपये हातात आले. ही रक्कम पहिल्या घराच्या डाउन पेमेंटसाठीच बाजूला काढलेली होती आणि त्याच कामाला ती लागली. कोल्हापुरात आमच्यासारखी दोघे कमावणारी, भाड्याच्या दोन खोल्यांत राहणारी आणि घरकर्जाच्या व्याजाचे आकडे ऐकून धास्तावलेली पुष्कळ कुटुंबे आहेत. त्यांनी खाते उघडण्यापूर्वी हे वाचावे, या हेतूने मी पाच वर्षांचा अनुभव हिशेबासह मांडते आहे.

आम्ही खाते उघडले ते जानेवारी २०२१ मध्ये. तेव्हा शाहूपुरीत कुंभार गल्लीजवळ नऊ हजार रुपये भाड्याने राहत होतो. माझे यजमान शिरोली औद्योगिक वसाहतीतल्या एका फाउंड्रीत नोकरीला आहेत आणि मी एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये काम करते. खाते दोघांच्या नावाने संयुक्त उघडले. पोस्टाची आरडी दरमहा शंभर रुपयांपासून सुरू करता येते आणि पुढे दहाच्या पटीत कितीही रक्कम ठेवता येते, वरची मर्यादा नाही. महिन्याच्या पंधरा तारखेपर्यंत खाते उघडले तर पुढचा प्रत्येक हप्ता पंधरा तारखेच्या आत भरावा लागतो. सोळा तारखेपासून पुढे उघडले तर महिन्याच्या शेवटच्या कामकाजाच्या दिवसापर्यंत मुदत मिळते. आमचे दोघांचे पगार सात ते दहा तारखेदरम्यान होत असले, तरी एखाद्या महिन्यात फाउंड्रीचा पगार लांबतो. म्हणून आम्ही मुद्दाम महिन्याच्या उत्तरार्धात खाते उघडले. ही गोष्ट क्षुल्लक वाटते, पण पाच वर्षांत तिचा किमान सहा-सात वेळा उपयोग झाला.

हप्ता भरण्यासाठी आम्ही महिला प्रधान क्षेत्रीय बचत योजनेतल्या एका एजंट काकूंची मदत घेतली. या योजनेत एजंट महिलाच असतात आणि त्यांचे कमिशन सरकार देते, खातेदाराने वेगळे काही द्यायचे नसते. काकू दर महिन्याच्या वीस-बावीस तारखेला संध्याकाळी यायच्या, जिन्याच्या पायरीवर बसून पर्स उघडायच्या आणि आमचे कार्ड काढून महिना, रक्कम, तारीख लिहून सही करायच्या. पहिल्याच दिवशी त्यांनी मला बजावले होते, "कार्डावरची सही माझी, पण खरी नोंद पासबुकातली. दर दोन महिन्यांनी पोस्टात जाऊन पासबुक भरून आणत जा." मी ते पाच वर्षे पाळले. एजंट कितीही ओळखीच्या असल्या, तरी कार्ड आणि पासबुक जुळवून पाहणे हे खातेदाराचेच काम आहे आणि चांगल्या एजंटला त्याचा राग येत नाही. ज्यांना कोणी घरी यायला नको असेल, त्यांना इंडिया पोस्ट पेमेंट्स बँकेच्या ॲपवरूनही हप्ता भरता येतो.

आता व्याजाकडे येते, कारण सगळ्यांचा पहिला प्रश्न तोच असतो. आम्ही खाते उघडले तेव्हा दर ५.८ टक्के होता आणि खाते उघडतानाचा दर पूर्ण पाच वर्षे कायम राहतो. पुढे २०२३ मध्ये नव्या खात्यांसाठी तो एप्रिलमध्ये ६.२, जुलैमध्ये ६.५ आणि ऑक्टोबरमध्ये ६.७ टक्के झाला. आमच्या खात्याला मात्र शेवटपर्यंत ५.८ टक्केच मिळाले. त्या वर्षी मला याची फार रुखरुख लागली होती. आपण घाई केली, दोन वर्षे थांबायला हवे होते, असे सारखे वाटायचे. एका रविवारी वही घेऊन बसले आणि हिशेब केला. दहा हजारांचे साठ हप्ते ६.७ टक्क्यांनी भरले असते, तर ७ लाख १३ हजारांहून थोडी अधिक रक्कम मिळाली असती. म्हणजे पाच वर्षांचा फरक साडेसोळा हजारांच्या आसपास, दोन हप्त्यांपेक्षाही कमी. व्याज चांगले मिळेल म्हणून दोन वर्षे थांबले असते, तर चोवीस हप्ते, म्हणजे दोन लाख चाळीस हजार रुपये खात्यात पडलेच नसते आणि ते घरखर्चात कुठे विरघळले असते हे आम्हालाही सांगता आले नसते. पाच वर्षांसारख्या लहान मुदतीत आरडीची रक्कम व्याजाने नव्हे, हप्त्यांनी वाढते. सहा लाख आम्ही भरले आणि व्याज मिळाले ते सत्त्याण्णव हजार.

कर्जाच्या बाजूला हेच गणित उलटे चालते. तिथे मुदत वीस वर्षांची आणि रक्कम मोठी, त्यामुळे एक टक्का फार जड जातो. अठ्ठावीस लाखांच्या कर्जाचा वीस वर्षांचा मासिक हप्ता ७.५ टक्क्यांनी सुमारे २२,५५७ रुपये होतो, ८.५ टक्क्यांनी २४,२९९ आणि ९.५ टक्क्यांनी २६,१०० रुपये. आमची पाच वर्षे नेमकी या चढउतारात गेली. खाते उघडले तेव्हा रिझर्व्ह बँकेचा रेपो दर, म्हणजे ती बँकांना ज्या दराने कर्ज देते तो, ४ टक्के होता. मे २०२२ पासून तो वाढू लागला आणि फेब्रुवारी २०२३ पर्यंत ६.५ टक्क्यांवर गेला. दहा महिन्यांत अडीच टक्के! त्याच सुमारास लॅबमधल्या माझ्या एका सहकारी ताईंच्या घरकर्जाची मुदत बँकेने परस्पर वाढवली. हप्ता तोच राहिला म्हणून त्यांच्या लक्षात आले नाही आणि जेव्हा वार्षिक विवरण हाती आले, तेव्हा कर्ज त्यांच्या निवृत्तीच्या वयापलीकडे गेलेले दिसले. ते पाहून आम्ही घराचा विचारच सोडून देण्याच्या बेतात होतो. पुढे फेब्रुवारी २०२५ पासून दर उतरू लागले आणि डिसेंबर २०२५ मध्ये रेपो ५.२५ टक्क्यांवर आला. आम्हाला एका बँकेने ७.५ टक्क्यांचा प्रस्ताव दिला आहे. हे आमचे नशीब. त्यात आमचे कर्तृत्व काही नाही, आणि हा दर वीस वर्षे असाच राहील असे गृहीत धरणे चुकीचे होईल.

रेपो दर आपल्या हातात नसतो, पण किती लाख कर्ज काढायचे ते काही अंशी आपल्या हातात असते. साडेआठ टक्क्यांच्या हिशेबाने वीस वर्षांसाठी प्रत्येक लाखामागे ८६८ रुपयांचा हप्ता बसतो. आमच्या आरडीचे सात लाख रुपये म्हणजे महिन्याला सहा हजारांचा हप्ता कायमचा टळला, मग दर वर जावो की खाली येवो. व्याजदराची भीती घालवायला मला दुसरा कोणताही उपाय सापडलेला नाही. खात्याचा आणखी एक उपयोग मी सुरुवातीला ओळखला नव्हता. भाड्याचे नऊ हजार आणि आरडीचे दहा हजार मिळून एकोणीस हजार दर महिन्याला बाहेर जात होते आणि तरीही घर चालत होते. शेवटच्या वर्षी आम्ही आणखी साडेतीन हजार रुपये वेगळ्या बचत खात्यात टाकायला लागलो, म्हणजे बरोबर भावी हप्त्याएवढी रक्कम झाली. ते वर्ष ओढाताणीचे गेले, गणपतीत नवी साडी घेतली नाही आणि दिवाळीत गावाकडे एकदाच गेलो. पण आपल्याला हा हप्ता झेपतो हे कोणत्याही बँकेच्या पात्रता तक्त्यापेक्षा आम्हाला स्वतःलाच पक्के कळले.

या योजनेचा खरा गुण म्हणजे पैसे सहज निघत नाहीत, आणि खरा दोषही तोच. तीन वर्षे पूर्ण होईपर्यंत खाते बंद करता येत नाही. त्यानंतर बंद करता येते, पण मुदतीच्या एक दिवस आधी जरी बंद केले, तरी आरडीचा दर न मिळता पोस्टाच्या बचत खात्याचा, म्हणजे ४ टक्क्यांचा दर मिळतो. पाच वर्षांत आमच्यावर दोन वेळा पैशांची अडचण आली.

पहिली जुलै २०२१ मध्ये. पंचगंगेचे पाणी आमच्या गल्लीत शिरले तेव्हा २०१९ च्या पुराचा अनुभव असल्याने सामान वर हलवले होते, तरी गादी, धान्य आणि शिलाई मशीन गेले. आठ दिवस नातेवाइकांकडे काढले. त्या महिन्याचा हप्ता भरणे शक्यच नव्हते. ऑगस्टमध्ये दोन हप्ते एकदम भरले आणि विलंब शुल्क म्हणून शंभर रुपयांमागे एक रुपया, म्हणजे एकूण शंभर रुपये द्यावे लागले. एवढा दंड कोणालाही परवडतो. मात्र ओळीने चार हप्ते चुकले तर खाते खंडित होते आणि ते पुन्हा सुरू करून घ्यायला दोनच महिने मिळतात, हे ध्यानात ठेवावे.

दुसरी वेळ एप्रिल २०२३ ची. माझ्या आईच्या शस्त्रक्रियेसाठी ऐंशी हजार रुपये तातडीने हवे होते. खाते मोडायचे म्हटले तरी तीन वर्षे झालेली नव्हती. काकूंनी सांगितले की बारा हप्ते भरलेले असतील, तर जमा रकमेच्या निम्म्यापर्यंत कर्ज मिळते आणि त्यावर आरडीच्या दरापेक्षा दोन टक्के अधिक व्याज लागते. आमच्यासाठी ते ७.८ टक्के झाले. पासबुक आणि अर्ज देऊन आम्ही ते कर्ज घेतले आणि दहा महिन्यांत फेडले. डाउन पेमेंटची पिशवी फुटली नाही आणि आईचे उपचारही थांबले नाहीत. माझ्या मते या खात्याची सर्वांत उपयोगी आणि सर्वांत कमी लोकांना ठाऊक असलेली सोय हीच आहे.

इतर मार्गांबद्दलही सांगायला हवे, कारण कोल्हापुरात बचत म्हटले की आधी भिशी, मग पतसंस्था आणि मग गुजरीतले, म्हणजे आमच्या सराफ बाजारातले, सोने आठवते. भिशी मी अजूनही खेळते, पण ती दहा-बारा महिन्यांची असते आणि भिशी लागली की रक्कम घरी येते. घरी आलेली रक्कम पाच वर्षे टिकवून ठेवणे आम्हाला जमले नसते. पतसंस्थेचा अनुभव कडू आहे. लग्नाआधी मी एका पतसंस्थेत दोन टक्के जास्त व्याज मिळते म्हणून साठ हजार रुपये ठेवले होते. मुदत संपल्यावर ती रक्कम महिन्याला पाच-पाच हजार करत वर्षभर हेलपाटे घालून परत मिळाली. सगळ्याच पतसंस्था तशा असतात असे मी म्हणत नाही, आपल्या जिल्ह्यात सहकारानेच माणसे उभी केली आहेत. परंतु बँकेतल्या, अगदी नागरी सहकारी बँकेतल्याही ठेवीला पाच लाखांपर्यंत ठेव विम्याचे संरक्षण आहे. पतसंस्थेतल्या ठेवीला ते नाही. पोस्टाच्या ठेवीमागे तर केंद्र सरकार उभे आहे. जे पैसे ठरलेल्या महिन्यात बिल्डरच्या किंवा विकणाऱ्याच्या हातात पडायलाच हवेत, ते दोन टक्क्यांच्या आशेने जोखमीत घालू नयेत, असे माझे ठाम मत आहे.

सोन्याच्या बाबतीत मात्र प्रामाणिकपणे कबूल केले पाहिजे. माझ्या एका मैत्रिणीने याच पाच वर्षांत जमेल तसे सोन्याचे वेढणे (साधे वळे) घेऊन ठेवले आणि आज तिची रक्कम माझ्या आरडीच्या कितीतरी पुढे गेली आहे. सोने इतके वाढेल हे २०२१ मध्ये आम्हा दोघींनाही ठाऊक नव्हते. मला हवी होती ती आधीच ठरलेली रक्कम, ठरलेल्या तारखेला. जिला घराची तारीख दोन-तीन वर्षे मागेपुढे चालणार असेल, तिने वेगळा विचार करायला हरकत नाही.

सात लाख पुरतात का? एकट्याने पुरत नाहीत. आम्ही कळंबा रस्त्याकडे, महापालिकेच्या हद्दीत, पूररेषेचा नकाशा पाहून तिच्या बाहेरची तयार सदनिका ठरवली. किंमत पस्तीस लाख. रिझर्व्ह बँकेच्या नियमाने कर्ज तीस लाखांपर्यंतचे असेल तर किमतीच्या ९० टक्क्यांपर्यंत, तीस ते पंच्याहत्तर लाखांसाठी ८० टक्क्यांपर्यंत आणि त्यापुढे ७५ टक्क्यांपर्यंत देता येते. ही वरची मर्यादा आहे, बँक तेवढे देतेच असे नाही. आम्ही अठ्ठावीस लाखच घ्यायचे ठरवले, म्हणजे सात लाख आमचे. लोक इथेच थांबतात आणि फसतात, कारण मुद्रांक शुल्क आणि नोंदणी फी या किमतीत धरलेली नसते आणि बँक त्यासाठी कर्ज मोजत नाही. आपल्या शहरात मुद्रांक शुल्क अधिभारासह ६ टक्के आहे. घर केवळ स्त्रीच्या नावावर घेतले तर एक टक्का सवलत मिळते. सदनिका माझ्या एकटीच्या नावावर घेतल्याने आमचे पस्तीस हजार वाचले, तरी पावणेदोन लाख लागलेच. नोंदणी फी तीस हजार. शिवाय वकिलाचा शोध अहवाल, बँकेची प्रक्रिया फी आणि गहाणखताचा खर्च. तयार सदनिकेला पूर्णत्वाचा दाखला होता म्हणून जीएसटी लागला नाही. बांधकाम चालू असलेली आणि पंचेचाळीस लाखांच्या आतली, नव्वद चौरस मीटरपर्यंत चटई क्षेत्र असलेली सदनिका घेतली असती तर १ टक्का लागला असता. सासऱ्यांनी ऊसबिलातून दोन लाख दिले आणि शेवटच्या वर्षीचे बचत खाते रिकामे केले, तेव्हा मेळ बसला. म्हणून डाउन पेमेंटचे उद्दिष्ट ठरवताना किमतीच्या २० टक्क्यांवर न थांबता त्यात आणखी सहा-सात टक्के मिळवावेत. आम्ही २०२१ मध्ये ते केले असते, तर हप्ता दहाऐवजी तेरा हजारांचा ठेवला असता.

कर्जाचा प्रस्ताव घेताना आम्ही तीन गोष्टी लेखी विचारल्या. दर रेपोशी जोडलेला आहे का. ऑक्टोबर २०१९ पासून बँकांनी नवी तरत्या, म्हणजे बदलत्या दराची घरकर्जे अशा बाह्य दराशीच जोडायची आहेत आणि किमान तीन महिन्यांतून एकदा दर बदलायचा आहे. दर वाढला तर हप्ता वाढवायचा की मुदत, हे आम्हाला विचारणार का. ऑगस्ट २०२३ मध्ये रिझर्व्ह बँकेने हा पर्याय कर्जदाराला देणे बंधनकारक केले आहे, त्या ताईंच्या प्रसंगानंतर मी हे आग्रहाने विचारले. आणि मुदतीआधी रक्कम भरली तर दंड नाही ना. वैयक्तिक तरत्या दराच्या घरकर्जावर तो घेता येत नाही.

योजनेतल्या उणिवाही आहेत. या आरडीला प्राप्तिकराच्या कलम ८० सीची वजावट नाही आणि व्याज करपात्र आहे. दर एकदा ठरला की ठरला, वाढत्या दराचा लाभ चालू खात्याला मिळत नाही. पाच वर्षांपेक्षा कमी मुदत निवडता येत नाही, त्यामुळे दोन-तीन वर्षांत घर घेणाऱ्याने या वाटेला जाऊ नये, त्याला बँकेची कमी मुदतीची आवर्त ठेव सोयीची पडेल. ज्यांचे उत्पन्न हंगामी आहे, उसाच्या किंवा दुधाच्या बिलावर ज्यांचे घर चालते, त्यांना दरमहा ठरलेली मोठी रक्कम भरणे अवघड जाते. त्यांनी हप्ता लहान ठेवावा आणि बिल आले की पुढचे हप्ते आगाऊ भरावेत. सहा किंवा बारा हप्ते एकदम भरल्यास थोडी सूटही मिळते. पगारदार जोडप्याला, चार-पाच वर्षे हाताशी असताना, मी हे खाते निःशंकपणे सुचवीन.

पैसे मिळाले त्याच आठवड्यात आम्ही पोस्टात दुसरी आरडी उघडली, दरमहा दोन हजारांची. पाच वर्षांनी ती रक्कम कर्जाच्या मुद्दलात भरायची आहे. काकूंनी नव्या कार्डावर पहिली सही केली आणि जुने, साठ नोंदींचे कार्ड परत नेण्याऐवजी माझ्याकडेच राहू दिले.